जमिनीवर बसता येईल का?

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी आमच्या हातात आलेलं पहिलं अवजार म्हणजे गोनिओमीटर. पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आणि मधे अंश कोरलेली चकती. चकतीचा मध्य सांध्यावर धरायचा, एक पट्टी स्थिर हाडाच्या रेषेत, दुसरी हलणाऱ्या हाडाच्या रेषेत, आणि सांधा किती वाकतो ते वाचायचं. खांदा १८० अंश वर जातो, कोपर १५० च्या आसपास वाकतो, गुडघा १३५. बारावी आणि नीटच्या तयारीत लागलेल्या सवयीनं हे आकडे मी एका रात्रीत पाठ केले. ते आकडे माणसाच्या कुठल्या कामाला येतात, हे मात्र पुढच्या वर्षांत मला पेशंटांनीच शिकवलं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीटीएच हा फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम तेव्हा चार वर्षांचा होता, वर सहा महिन्यांची इंटर्नशिप. नातेवाइकांना त्यातलं ‘मालिश’ तेवढं कळायचं. मालिश शिकायला एवढी वर्षं कशाला, हा प्रश्न दर दिवाळीला ठरलेला. मी समजावत बसायचे नाही, कारण पहिली दोन वर्षं मलाही त्याचं नीट उत्तर देता आलं नसतं. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मग पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी. चौरसियांच्या पुस्तकातल्या नसांच्या आकृत्या, वायव्हाची धास्ती आणि रात्री उशिरापर्यंत जर्नल पूर्ण करणं यातच ती वर्षं गेली.

त्यातली एक गोष्ट मात्र वेगळी होती. आमचा खरा अभ्यास एकमेकांच्या शरीरावर व्हायचा. प्रॅक्टिकलला टी-शर्ट आणि हाफ पँट घालून दोघी-दोघींच्या जोड्या करायच्या. एकीनं टेबलावर झोपायचं, दुसरीनं तिच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला ग्रेटर ट्रोकँटर हा हाडाचा उंचवटा शोधायचा, पेनानं खूण करायची, मग गुडघ्याखाली फिब्युलाचं डोकं शोधायचं. त्याच्या मागून पायाकडे जाणारी नस बोटाखाली दोरीसारखी सरकते. ती पहिल्यांदा सापडली तेव्हा मी माझ्या जोडीदारणीला किती वेळ हलू दिलं नव्हतं! तीच नस घट्ट प्लॅस्टरनं दाबली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या बोटांत राहिलं.

या जोड्यांमधून आणखी काही शिकायला मिळालं, ज्याचा कुठेही पेपर नव्हता. टेबलावर झोपलेल्या माणसाला थंड हाताचा स्पर्श कसा लागतो, न सांगता पाय उचलला तर अंग कसं आक्रसतं, पांघरूण नको तिथे सरकलं की लक्ष कसं उडतं, हे सगळं आम्ही स्वतः अनुभवलं. तिसऱ्या वर्षी ओपीडीत पहिल्या आजी समोर आल्या, नऊवारी नेसलेल्या, गुडघा दाखवायला संकोचणाऱ्या. तेव्हा आधी पडदा ओढायचा, चादर द्यायची, काय करणार ते सांगायचं, विचारायचं आणि मगच हात लावायचा, हे करताना मला काही आठवावं लागलं नाही. ज्या कॉलेजांत मुलं-मुली पुतळ्यावर आणि व्हिडिओवर शिकतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते.

त्याच आजींनी मला तो प्रश्न विचारला. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. मी गोनिओमीटर लावला, ११० अंश आले, तक्त्यात लिहिले. चालायला गुडघा साधारण ६० अंश वाकला तरी पुरतो, जिना चढायला ९० च्या आसपास, खुर्चीतून उठायला त्याहून थोडा अधिक. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबानं आजींचं बरं चाललं होतं. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पोरी, ते चालणं-बिलणं हुतंय गं. मला खाली बसाया येईल का तेवढं सांग.”

खाली बसणं. त्यांच्या दिवसातली निम्मी कामं जमिनीवरची होती. चूल आता नव्हती, पण भाकरी त्या अजून खाली परातीत थापायच्या. दळण निवडायचं खाली, पूजा खाली, गावात कुणाकडे गेलं तर सतरंजीवर, पंगत बसली तर मांडी घालून. संडास भारतीय पद्धतीचा. उकिडवं बसायला गुडघा १३० च्या पुढे वाकावा लागतो, घोटाही चांगला वाकावा लागतो. मांडी घालायला खुबा बाहेरच्या बाजूला फिरावा लागतो. आमची पाठ्यपुस्तकं बहुतेक अमेरिकेतली, किस्नर, नॉर्किन, ओसुलिव्हन. ती अतिशय चांगली आहेत, मी अजूनही उघडते. पण त्यांच्यातली माणसं खुर्चीवर जेवतात आणि कमोडवर बसतात. त्यांच्या जगात ११० अंशांचा गुडघा म्हणजे चालू शकणारा माणूस. आजींच्या जगात ११० अंश म्हणजे पंगतीतून उठून भिंतीशी खुर्चीत एकटं बसणं.

झिजलेल्या गुडघ्याला खाली बसू नका असं सांगणं सोपं असतं, आणि दुखणं जोरात असताना ते बरोबरही असतं. उकिडवं बसल्यावर गुडघ्याच्या वाटीवरचा दाब फार वाढतो. पण ओपीडीत शिकवणाऱ्या मॅमनी मला दुसरा रस्ता दाखवला. आधी मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद वाढवायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. मग उंच खुर्चीतून उठबस, मग बुटक्या खुर्चीतून, मग पाटावरून. खाली बसताना आणि उठताना भिंतीला किंवा पलंगाला हात कुठे लावायचा, कुठला पाय पुढे घ्यायचा, तेही शिकवायचं. भाकरी ओट्यावर उभं राहून थापून पाहायची. म्हणजे सांध्याची कमान आहे तेवढीच राहिली तरी माणसाचं जगणं तिच्याभोवती नव्यानं बेतता येतं. आजींचा गुडघा ११० वरून फार पुढे गेला नाही. पण पाट घेऊन त्या पंगतीला बसू लागल्या, आणि ते सांगायला त्या मुद्दाम ओपीडीत आल्या.

ओपीडीतली खरी झटापट मशीनशी असते. “करंट लावा”, “लाइट द्या”, “शेक घ्यायला आलोय” असं म्हणतच पेशंट येतात. आयएफटी, टेन्स, शॉर्टवेव्ह, अल्ट्रासाउंड, मेणाचा शेक, सगळं आम्ही शिकलो. क्लेटनच्या पुस्तकातली विजेच्या लहरींची चित्रं काढून काढून वह्या भरल्या. या यंत्रांनी दुखणं काही काळ हलकं होतं, आणि तेवढ्या अवकाशात व्यायाम करून घेता येतो, हा त्यांचा मोठा उपयोग. पण झिजलेली कूर्चा कुठलंही मशीन पुन्हा उगवून देत नाही. मशीनखाली पडून राहायला पेशंटला काही करावं लागत नाही, आणि दवाखान्याचंही बिल होतं, म्हणून दोन्ही बाजूंना ते सोयीचं असतं. मला हे पटत नाही आणि मी ते स्पष्ट सांगते. काठीचंच घ्या. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरली तर खुब्यावरचा भार चांगलाच उतरतो. बहुतेक सगळे ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. तो एक बदल सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्यानं जेवढं हलकं वाटतं तेवढं पुष्कळदा आठवडाभराच्या शेकानंही वाटत नाही.

आपली विद्या आली कुठून, हे तिसऱ्या वर्षी एका सरांनी तासाबाहेर बसवून सांगितलं. ते अभ्यासक्रमात असतं तर बरं झालं असतं. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत मुंबईत पोलिओनं शेकडो मुलांचे पाय गेले. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला होता. मुलीसाठी उपचार शोधता शोधता त्यांनी १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. पुढे १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात मुंबई सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्यानं देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं. म्हणजे भारतात आमच्या पदवीचं मूळ पोलिओत, आणि मुंबईत.

स्नायूंची ताकद हातानं मोजून शून्य ते पाच गुण द्यायची पद्धतही पोलिओच्याच साथींमधून घडली. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती मांडली. शून्य म्हणजे स्नायू फुरफुरतसुद्धा नाही. एक म्हणजे बोटाखाली हालचाल जाणवते, पण सांधा हलत नाही. दोन म्हणजे गुरुत्वाकर्षण बाजूला काढलं, पाय कुशीवर आडवा ठेवला किंवा झोळीत टांगला, की हलतो. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलला जातो. पाच म्हणजे आपण जोर लावला तरी हटत नाही. दोन आणि तीन यांच्यामधलं अंतर कागदावर एका गुणाचं असतं.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे असे तक्ते भरभरून लिहायची वेळ आमच्या पिढीवर येणार नाही, असं आम्हाला वाटत होतं. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली तेव्हा मी पुण्यात इंटर्न होते. गियाँ-बारे सिंड्रोम. पोटाच्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, पायांपासून ताकद जायला लागते आणि वर चढत जाते. काहींचा श्वाससुद्धा व्हेंटिलेटरवर जातो. साथीत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. दूषित पाण्याकडे बोट होतं, आणि वर्तमानपत्रं रोज रुग्णांचे आकडे छापत होती. ते आकडे थांबले तिथून आमचं काम सुरू झालं.

माझ्याकडे आलेला मुलगा माझ्याच वयाचा होता. आयसीयूतून वॉर्डात आला तेव्हा त्याच्या घोट्यांना शून्य आणि खुब्यांना दोन गुण होते. रोज सकाळी त्याला कुशीवर वळवायचं, पाय माझ्या हातावर तोलून धरायचा आणि “आता ओढ” म्हणायचं. या आजारात ताकद बहुधा उलट्या वाटेनं परत येते. जे शेवटी गेलं ते आधी येतं, पावलं सगळ्यांत मागून. हे माहीत असलं की रोज पावलांकडे बघून निराश होणाऱ्या आईला खुब्याकडे बघायला सांगता येतं. मी तेच केलं, आणि त्या माउलीचा चेहरा थोडा सैल झाला.

त्याच्याबरोबर सगळ्यांत अवघड होतं ते त्याला थांबवणं. जास्त व्यायाम केला की लवकर बरं होतं, ही आपल्याकडची समजूत. जीबीएसमध्ये दमलेल्या, अर्धवट जाग्या झालेल्या स्नायूवर जोर टाकला तर तो मागे जातो. मोजके फेरे, मधे विश्रांती, आणि दुसऱ्या दिवशी थकवा उरला असेल तर कमी. तो रात्री पांघरुणाखाली गुपचूप व्यायाम करायचा, आणि सकाळी गुण उतरलेले असायचे. मी त्याच्या पलंगाशी बसून त्याला तक्ता दाखवला, कालचा आणि आजचा. मग त्यानं माझं ऐकलं. एका सकाळी तो पाठीवर झोपलेला असताना त्याची टाच गादीवरून वर आली. तक्त्यात मी तीन लिहिलं.

वॉकरवर चालायला लागल्यावर त्याच्या सुट्टीची चर्चा सुरू झाली. तेव्हा मी विचारलं, घरी संडास कसला आहे? चाळीतला, सामाईक, भारतीय पद्धतीचा. उकिडव्या बसलेल्या माणसाला उठायला मांडीच्या स्नायूंत तीनपेक्षा बरीच जास्त ताकद लागते. हा प्रश्न केस पेपरवर कुठल्याच रकान्यात नव्हता. त्याच्या आईनं मधे भोक असलेली खुर्ची उसनी मिळवली, मामानं संडासाच्या भिंतीला लोखंडी दांडा ठोकला, आणि मगच तो घरी गेला. माझ्या मते त्या दांड्याचं मोल आमच्या कुठल्याही मशीनइतकंच होतं.

लकव्याच्या वॉर्डात घराचं हेच मोल वेगळ्या रूपात भेटायचं. आमच्याकडे लोक म्हणतात, अंगावरून वारं गेलं. दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांची गर्दी सुरू होते आणि त्यांच्याबरोबर उपचारांचीही. कबुतराचं रक्त चोळा, अमुक गावच्या वैद्याचं तेल आणा. या लोकांवर रागावणं मला कधी जमलं नाही. घरातला कर्ता माणूस आडवा झाला की काहीतरी करावंसं वाटतं, आणि तेलानं त्यांच्या हातांना काम मिळतं. म्हणून मी त्यांच्या हातांना दुसरं काम द्यायला शिकले. लुळा हात धरून पेशंटला वर ओढू नका, खांदा सांध्यातून सरकतो. तो हात उशीवर असा ठेवा. कुशीवर दर दोन तासांनी वळवा. उठवताना पट्टा कमरेला, हात काखेत नाही.

एका काकांच्या मेंदूची उजवी बाजू गेली होती. ताटातली डाव्या बाजूची भाजी ते तशीच ठेवायचे आणि काकू त्यांना “हट्टी झालेत” म्हणायच्या. त्यांना ती भाजी दिसतच नव्हती. डोळे चांगले होते, पण मेंदूनं डावीकडचं जगच सोडून दिलं होतं. काकूंना हे समजावलं, तेव्हा त्या गप्प झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या बाजूला बसून बोलू लागल्या, पाण्याचा पेला डावीकडे ठेवू लागल्या. माझ्या तासाभराच्या उपचारापेक्षा काकूंचं दिवसभर डावीकडे बसणं जास्त कामाला आलं. लकव्यानंतरचे पहिले काही महिने मेंदू सर्वांत भराभर नव्या वाटा शोधतो, आणि त्या महिन्यांतला बहुतेक वेळ पेशंट आमच्याजवळ नसतो, घरी असतो.

कम्युनिटी फिजिओथेरपीच्या पोस्टिंगला आम्ही ऊसतोड कामगारांच्या टोळीवर गेलो होतो. अर्गोनॉमिक्सच्या धड्यात खुर्ची, कीबोर्ड आणि स्क्रीनची उंची होती. इथे पहाटेपासून माणसं कमरेत वाकून जमिनीलगत कोयता चालवत होती. वाढे तोडायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पैसे टनावर. कमरेचं दुखणं प्रत्येकाला. मोळी अंगाजवळ धरून उचला, अधूनमधून उभं राहून कमरेवर हात ठेवून मागे वाका, एवढं आम्ही सांगितलं आणि त्यांनी ते करून पाहिलं. एक बाई म्हणाल्या, “बरं वाटतंय ताई, पन मुकादम म्होरं असं हुबं ऱ्हाता यील का?” मला उत्तर सुचलं नाही. टनावरची मजुरी हा मणक्याच्या दुखण्याचा भाग आहे, हे मी त्या दिवशी जर्नलात लिहिलं. शिक्षकांनी तिथे सही केली, काही बोलले नाहीत.

पदवी मिळाली. माझ्याबरोबरच्या कित्येक जणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडच्या परीक्षांना लागल्या, आणि त्यांना दोष देता येत नाही. इथे साडेचार वर्षं शिकून मिळणारा पहिला पगार घरभाडं देऊन फारसा उरत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आमच्यासह अनेक आरोग्य व्यवसायांना मिळून एक राष्ट्रीय आयोग मिळाला, हे चांगलं झालं. नावाआधी ‘डॉक्टर’ लावायचं की नाही, यावर मात्र मोठा गदारोळ चालतो. मला त्या वादात शक्ती घालवावीशी वाटत नाही. माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आयोगानं आता पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखला आहे, त्यात इंटर्नशिप वर्षभराची. ते वाढलेले महिने पुन्हा ओपीडीत मशीनची बटणं दाबण्यात जाऊ नयेत. प्रत्येक इंटर्नला पेशंटच्या घरी पाठवावं, सुट्टीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. संडासाची पायरी, पलंगाची उंची, नळ किती लांब, दुपारी घरी कोण असतं, हे तिनं स्वतः बघून लिहावं. परीक्षेत लाँग केस मांडताना या नोंदींना गुडघ्याच्या अंशांइतकेच गुण असावेत. मी सध्या तालुक्याच्या गावी काम करते. माझ्या केस पेपरवर गोनिओमीटरच्या रकान्याशेजारी एक रकाना मी स्वतः आखून घेतला आहे: जमिनीवर बसतात का, कशासाठी. पहिल्या भेटीत तो आधी भरते. कुणी नमाजासाठी सांगतं, कुणी नातवाला अंघोळ घालायला, कुणी कांदा काढायला. त्यावरून व्यायाम ठरतात.